निराश्रित ससा

मराठी मुलाची सशाशीं पहिली ओळख होते ती गोष्टींतून. कासवाशीं पैज लावून झोपीं जाणारा ससा, पाठीवर पान पडतांच आभाळ कोसळलें म्हणून धांवत सुटणारा ससा आणि सिंहाला विहिरींत त्याचेंच प्रतिबिंब दाखविणारा ससा, हे तिघेहि त्याला लहानपणींच भेटलेले असतात. चंद्राला शशांक म्हणणाऱ्या भाषेला ससा परका कसा वाटावा? परंतु माळावर उड्या घेत जाणारा मातकट रंगाचा ससा आणि पिंजऱ्यांत घालून विकला जाणारा पांढरा ससा, हे दोन अगदीं वेगळे प्राणी आहेत. पहिला उघड्यावर गवतांत राहतो. त्याचीं पिलें जन्मतांच डोळे उघडतात व त्यांच्या अंगावर केस असतात. तो वन्य प्राणी असून १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें त्याला संरक्षण दिलेलें आहे. त्यास धरून घरीं ठेवतां येत नाहीं. दुसरा मूळचा स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्स या बाजूचा. तो जमिनींत बिळें खणून कळपानें राहतो आणि त्याचीं पिलें आंधळीं व केशहीन अशीं जन्मास येतात.

हा भेद केवळ प्राणिशास्त्रज्ञांच्या कामाचा नाहीं. ज्या प्राण्याला डोक्यावर आडोसा हवा, सोबत हवी आणि संकटसमयीं लपावयास ठरलेली जागा हवी, त्याला माणसाचें घर मानवूं शकतें. तरीहि पाश्चात्त्य देशांत पुष्कळ काळ सशाची जागा परसांतल्या लांकडी खुराड्यांत असे. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील मॅरिनेल हॅरिमन या बाईंनीं घरांत ससा पाळण्याविषयीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें आणि १९८८ सालीं त्याच राज्यांत ‘हाउस रॅबिट सोसायटी’ ही संस्था उभी राहिली. टाकून दिलेले ससे सोडवून त्यांना घर मिळवून देणें आणि ससा पाळावा कसा हें लोकांस शिकविणें, हीं दोन कामें तिनें अंगावर घेतलीं.

ससे टाकून कां दिले जातात? ईस्टरच्या सणाशीं सशाचा संबंध जोडला गेल्यामुळें अमेरिकेंत वसंत ऋतूंत मुलांना सशाचें पिलूं भेट देण्याची हौस पुष्कळांना येते. कांहीं महिन्यांतच तें पिलूं वयांत येतें. मग तें गालिचा उकरतें, खुर्चीचे पाय कुरतडतें, जागोजाग मूत्राच्या खुणा करतें. तोंपर्यंत मुलाची हौस फिटलेली असते. शेवटीं कोणी त्याला प्राण्यांच्या आश्रयगृहांत नेऊन देतो, तर कोणी एखाद्या उद्यानांत सोडून येतो आणि आपण त्याला मोकळें केलें असें मनाचें समाधान करून घेतो. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातचें खाल्लेल्या या जीवाला तेथें ना बीळ, ना कळप. कुत्रीं, ससाणे आणि मोटारी यांच्या तावडींत त्याला देणें याला मोकळें करणें म्हणत नाहींत. या प्रकारांस आळा बसावा म्हणून कॅलिफोर्नियानें २०१७ सालीं एक कायदा केला. १ जानेवारी २०१९ पासून २०२० च्या अखेरपर्यंत तेथील दुकानांत कुत्रीं, मांजरें व ससे विकावयाचे झाल्यास ते आश्रयगृहांतून अथवा प्राणिरक्षण करणाऱ्या संस्थांकडूनच आणलेले असावे लागत.

असा एकदां नाकारला गेलेला ससा घरीं आणणाऱ्यानें पहिली शिकावयाची गोष्ट म्हणजे थांबणें. सशाचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असतात. त्याला जवळजवळ चहूंकडचें दिसतें. दिसत नाहीं तें नेमकें नाकासमोरचें. म्हणून समोरून एकाएकीं पुढें आलेला हात त्याला घाबरवितो आणि वरून उचलणारा हात त्याला शिकारी पक्ष्याच्या पंजासारखा वाटतो. कान धरून तर त्याला कधींच उचलूं नये. सुटण्यासाठीं तो मागच्या पायांनीं इतक्या जोरानें झटका देतो कीं त्यांत त्याचाच कणा मोडूं शकतो. पहिले कांहीं दिवस पाळणाऱ्यानें जमिनीवर स्वस्थ बसून आपलें वाचन करावें, हेंच बरें. ससा आपण होऊन जवळ येतो, पायाचा अंगठा हुंगतो आणि पळून जातो; दुसऱ्या दिवशीं थोडा अधिक वेळ थांबतो.

घराचीहि तयारी करावी लागते. विजेच्या तारा झांकून ठेवाव्या, कारण सशाचे दांत जन्मभर वाढतात व कुरतडणें हा त्याचा स्वभावच आहे. तारेच्या जाळीची जमीन त्याला सोसत नाहीं, कारण त्याच्या तळव्यांना मांजरासारख्या गाद्या नसतात. बहुतेक ससे ठरलेल्या जागीं मलमूत्र विसर्जन करण्यास शिकतात. पसरट पेटी कोपऱ्यांत ठेवावी आणि तिच्या कडेलाच वाळलें गवत ठेवावें, कारण खातां खातांच तो हें काम उरकतो. वाळलें गवत हेंच त्याचें मुख्य अन्न. त्यानें दांत झिजतात आणि आंतडीं चालूं राहतात. थोडा हिरवा पाला आणि भरपूर पाणी असलें म्हणजे झालें. चित्रांतल्या सशाच्या हातीं गाजर असतें खरें, पण गाजर त्याला मिठाईसारखें बेतानेंच द्यावें. दूध-पोळी तर देऊंच नये. तो आपल्याच कांहीं मऊ लेंड्या खातो हें पाहून नवखा मनुष्य किळस करतो. परंतु त्यांतूनच त्याला आवश्यक जीवनसत्त्वें मिळतात.

खरी परीक्षा आजारपणांत असते. ज्याच्यावर सारे टपलेले, तो प्राणी आपलें दुखणें दाखवीत नाहीं. ससा कोपऱ्यांत निमूट बसला एवढेंच दिसतें. त्यानें बारा तास कांहीं खाल्लें नाहीं कीं आंतड्यांची हालचाल थांबली असल्याची भीति असते, आणि ‘सकाळपर्यंत पाहूं’ म्हणणें त्याच्या जिवावर बेतूं शकतें. माणसाला तारणारें पेनिसिलिन पोटांतून दिल्यास सशाच्या आंतड्यांतील उपयुक्त जंतूंचा नाश करून त्यालाच मारूं शकतें. म्हणून सशाची माहिती असलेला पशुवैद्य आधींच शोधून ठेवावा. मादीचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढणें हितावह असतें. उतारवयांत तेथें कर्करोग होण्याचा संभव फार मोठा. महाराष्ट्रासारख्या उष्ण मुलखांत तर उन्हाळ्याची विशेष काळजी घ्यावयास हवी. सशाला घाम येत नाहीं; तो अंगांतली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. वैशाखांतल्या दुपारीं बंद खोलींत तो जगेलच असें नाहीं.

नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षें जगतो. आठ वर्षांच्या मुलीच्या हट्टाखातर तो घरीं आणला, तर तिच्या कॉलेजच्या दिवसांतहि त्याला रोज गवत घालावें लागेल, आणि तें बहुधा तिच्या आईवडिलांनाच घालावें लागेल. हा हिशोब आधीं मांडून ज्याला नाहीं म्हणावेंसें वाटेल त्यानें खुशाल नाहीं म्हणावें. त्यांत निर्दयपणा नाहीं. निर्दयपणा आहे तो आज हो म्हणून चार महिन्यांनीं दार उघडून देण्यांत.

ज्यानें हो म्हटलें, त्याला त्याचें फळ उशिरां पण निश्चित मिळतें. भ्यालेला ससा मागचा पाय जमिनीवर आपटून साऱ्या कळपाला सावध करतो; घरांत आलेल्या नव्या सशाचा हा आवाज पहिल्या रात्रीं अनेकदां ऐकूं येतो. आठवडे जातात, कधीं महिनेहि जातात. मग एके संध्याकाळीं तो खोलीच्या मध्यभागीं धांवत येतो, हवेंत उडी घेऊन अंगाला एक हिसका देतो आणि माणसांच्या देखत कुशीवर कलंडून पाय ताणून निजतो. भित्र्या माणसाचें काळीज सशाचें असतें, असें मराठींत म्हणतात. तेंच काळीज ज्या घरांत निर्धास्त झालें, तें घर त्या निराश्रित जीवाचें झालें.