जुन्या गोव्यात, जरा सावकाश



गोव्याला गेलेली बरीच मंडळी जुन्या गोव्यात एक चक्कर मारतात.
फोटो काढतात, आणि निघतात.

आज एक विनंती आहे.
तिथल्या चर्चमध्ये जरा थांबा.
सावकाश पाहा.

बाँ जेझस बॅसिलिकापासून सुरुवात करू.
ती बाहेरून तांबूस दिसते.
तो जांभा दगड.
आपल्या कोकणातल्या घरांना लागतो, तोच.

पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा होता.
विसाव्या शतकात तो काढला गेला.
आता पावसाचा मारा थेट दगडावर बसतो.
मला त्या भिंतींची फार काळजी वाटते.

आत संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे.
तिचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या फ्लॉरेन्सहून आला.
वरची चांदीची पेटी मात्र गोव्यातल्या सोनारांनी घडवली.
चौथरा इटलीचा, चांदीकाम गोव्याचं!
इथे घाई नको.
सावकाश पाहा.

समोर से कॅथेड्रल.
त्याला एकच मनोरा आहे.
दुसरा १७७६ साली कोसळला.
तो पुन्हा बांधलाच नाही.

शेजारच्या संत फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये नजर खाली वळवा.
जमिनीत थडग्यांचे दगड बसवले आहेत.
त्यांवर घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत.

प्रार्थना चालू असेल, तर शांतपणे मागच्या बाकावर बसा.

आणि हाताशी दिवस असेल, तर राशोललाही जा.
फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली तिथेच छापलं गेलं.