नामवंत कोणाला म्हणावे?

शाळेला पन्नास, पंचाहत्तर किंवा शंभर वर्षे झाली की समारंभ ठरतो. समिती नेमली जाते, स्मरणिकेसाठी लेख मागवले जातात आणि कोणीतरी सुचवतो, "आपल्या नामवंत माजी विद्यार्थ्यांचा एक फलक लावू या." सूचना सर्वांनाच आवडते. पण नावे लिहायला घेतली की वादाला तोंड फुटते. अमका चौथीतच शाळा सोडून गेला, तो आपला कसा? तमका नगराध्यक्ष झाला, त्याला कसे वगळायचे? आणि ज्यांनी सभागृहासाठी देणगी दिली त्यांचे काय?

हा वाद क्षुल्लक नव्हे. तो फलक मुले रोज येता-जाता वाचणार आहेत. कोणत्या माणसाला मोठे म्हणायचे, हे शाळा त्यांना तिथे न बोलता शिकवीत असते. म्हणून नावे निवडताना दोन-तीन गोष्टींचा नीट विचार केलेला बरा.

पहिला प्रश्न असा, की तो विद्यार्थी आपल्या शाळेचा होता का? याचे उत्तर सांगोवांगीवर सोडू नये, जनरल रजिस्टर काढावे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या, म्हणजे पुढच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला. आता पाहा, बाबासाहेब मॅट्रिक झाले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून, १९०७ साली. 'जो इथून उत्तीर्ण झाला तोच आमचा' असा नियम केला, तर साताऱ्याला ते नाव खोडावे लागेल!

उत्तीर्ण होण्याची अट इतरत्रही टिकत नाही. गांधीजी १८८८ साली भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले आणि एक सत्र काढून परतले. गणिती श्रीनिवास रामानुजन यांची कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली, कारण गणिताखेरीज इतर विषयांकडे त्यांनी पाहिलेच नाही. पुढे मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजातून दिलेल्या परीक्षेतही ते नापास झाले आणि १९१८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांना माजी विद्यार्थी म्हणायचे नाही काय? म्हणायचे, मात्र नावापुढे कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत ते इथे होते, हे स्वच्छ लिहावे. एका सत्राचे दहा वर्षे करू नये. आणि एकाच माणसावर दोन शाळांनी हक्क सांगितला, तर भांडू नये. सचिन तेंडुलकर आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात होता, मग आचरेकर सरांच्या सल्ल्याने दादरच्या शारदाश्रमात आला आणि १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये विनोद कांबळीबरोबर ६६४ धावांची अभंग भागीदारी त्याने शारदाश्रमासाठी केली. तरी पहिली शाळा काही खोटी ठरत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. नामवंत म्हणजे कोण? मला एक साधी कसोटी सुचते. ज्याचा त्या माणसाशी किंवा आपल्या शाळेशी काही संबंध नाही, अशा कोणीतरी त्याच्या कामाची दखल घेतली आहे काय? नातेवाइकांनी काढलेला गौरवग्रंथ यात धरू नये. खुर्चीही धरू नये, कारण खुर्ची पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याची होते. खुर्चीवर बसून केलेले काम मात्र धरावे. देणगीदारांचे ऋण मानावेच, पण त्यांचा फलक वेगळा असावा. दोन्ही फलक एक झाले, की नाव विकत मिळते असा धडा मुले बिनचूक घेतात.

उलट, नाव लहान वाटले म्हणून गाळूही नये. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिच्या नावामागे ना पदवी, ना पद. एवढ्या एका निबंधासाठी आज अभ्यासक तिचे नाव घेतात. कोणत्याही शाळेने अभिमानाने मिरवावे असे हे नाव आहे.

मग तीस वर्षे आडगावात इमानाने शिकवणारा मास्तर, किंवा रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी धावणारी परिचारिका, यांचे काय? श्रोतेहो, इथे मराठी भाषाच आपल्या मदतीला येते. नामवंत वेगळा आणि गुणवंत वेगळा. ही माणसे गुणवंत आहेत. त्यांना ओढूनताणून नामवंत म्हणण्यापेक्षा स्मरणिकेत त्यांच्यासाठी चार पाने राखून ठेवावीत आणि त्यांचे काम सविस्तर सांगावे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. मोठ्या माणसाचे नाव आपण लावतो तेव्हा त्याच्या मोठेपणात आपलाही वाटा होता असे सुचवतो. तो वाटा खरा होता काय? साताऱ्याच्या शालेय दिवसांत आपल्याला वर्गात कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, बसायचे गोणपाट रोज घरून न्यावे-आणावे लागे, शाळेचा नोकर त्याला शिवत नसे, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मुंबईला संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्या शाळेला असे नाव लाभले, तिने ते जरूर लावावे. पण त्या काळच्या शाळांनी त्यांना कसे वागवले, हेही तिथेच चार ओळींत लिहावे. त्याने शाळेची मान खाली जात नाही. उलट, आजच्या वर्गात कोणी कोपऱ्यात एकटे बसले आहे काय, हे पाहण्याची सवय गुरुजींना आणि मुलांना लागते.

तेव्हा समितीत एक शिक्षक, एक जुना विद्यार्थी आणि एक अगदी बाहेरचा माणूस असावा. रजिस्टर समोर असावे. नाव, शाळेतली वर्षे आणि केलेले काम, एवढेच लिहावे, विशेषणे गाळावीत. दर दहा वर्षांनी यादी पुन्हा तपासावी. आणि फलकाची खालची निम्मी जागा मोकळी सोडावी. ती कोणासाठी, हे मुलांना सांगावे लागणार नाही.