बिनकामाचं, पण टाकाऊ नव्हे

संगणकाच्या पडद्यावर जे कामाचं नाही ते काढून टाकावं, असा आग्रह सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांत जुनाच आहे. पण कामाचं काय, हे ठरवायचं कुणी? १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला तेव्हा त्याची मेमरी होती अवघी १२८ किलोबाइट. अशा यंत्रासाठी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी घरं सरकवून अंक जुळवण्याचा एक चिमुकला खेळ लिहिला होता. पास्कल भाषेत तो सहा किलोबाइटचा झाला होता. खेळासाठी एवढी जागा कोण देणार? हर्ट्झफेल्ड यांनी तो असेंब्ली भाषेत नव्याने लिहून ६०० बाइटांत बसवला. मग जागेची सबबच उरली नाही. आपल्या मजकुराशेजारी दुसरी छोटी खिडकी उघडता येते, हे तो खेळ न सांगता दाखवून देई.

१९९०च्या विंडोज ३.० मधला सॉलिटेअर तर याहून बोलका. वेस चेरी यांनी लिहिलेला, पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांची. बटण दाबून धरायचं, पत्ता ओढत न्यायचा, हव्या त्या ढिगावर सोडायचा. माउस नवखा असलेल्या हाताला हे वळण कुठल्याही माहितीपुस्तिकेने इतक्या लवकर लावलं नसतं आणि फाइल हलवायची तीही याच वळणाने. यात कचेरीचा वेळ जातो म्हणाल, तर जातोच. साहेब आले की पत्त्यांवर खोटी स्प्रेडशीट आणणारी कळही चेरी यांनी करून ठेवली होती; ती मायक्रोसॉफ्टने काढायला लावली! खेळ मात्र ठेवला.

खरा वजनदार आक्षेप देखभालीचा आहे. गंमत एकदा लिहून भागत नाही, ती वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. लिनक्सवरच्या केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉप-प्रणालीत वेगवेगळे डेस्कटॉप एका घनाच्या बाजूंवर फिरताना दिसत. जुना कोड नव्या रचनेत चालेना, म्हणून २०२१ साली तो घन गेला. पण घन वळला की आपण कुठून कुठे गेलो हे डोळ्यांना कळतं. नुसता पडदा बदलला तर ते लक्षात ठेवावं लागतं. २०२४च्या प्लाझ्मा ६ मध्ये तो नव्याने लिहून परत आणला गेला. अशा हालचालींनी काहींना गरगरतं, हेही खरं. त्यामुळे तो आपणहून चालू होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो, हे मला रास्त वाटतं.