माशांचं पाणी

श्रोतेहो, कवी पाण्यावर बोलणार म्हटलं की तुम्ही नदी, पाऊस, नाहीतर डोळे यांची वाट पाहत बसाल. मी बोलणार आहे फिशटँकच्या पाण्याबद्दल.

मुलगी लग्न होऊन गेली, घर शांत झालं, तेव्हा मी दोन फुटी काचेची पेटी आणली आणि दहा-बारा गप्पी मासे सोडले. महिन्याभरात पाणी जरा गढूळ दिसलं. मी सगळं उपसून टाकलं. खालची वाळू, फिल्टरचा स्पंज, सगळं चोळून लख्ख धुतलं. पाणी आरशासारखं झालं आणि चौथ्या दिवशी सात मासे वर तरंगत होते.

दुकानदार म्हणाला, ‘काका, तुम्ही घाण नाही, जिवाणू धुतलेत.’ मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. तो विषारी. वाळूवर आणि स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मासा बऱ्यापैकी सोसतो. हे जिवाणू नव्या टाकीत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ते एका सकाळी नाल्यात सोडले होते. नायट्राइट माशाच्या रक्ताचा प्राणवायू वाहण्याचा गुणच काढून घेतं. रक्त तपकिरी होतं आणि मासा पाण्यात राहून गुदमरतो.

मग तपासणीची पेटी आणली. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग कागदावरच्या रंगांशी ताडायचा. अमोनियाला पिवळ्याचा हिरवा होतो, नायट्रेटला पिवळ्याचा लाल. नायट्रेटची दुसरी बाटली मात्र जोरात हलवावी लागते, नाहीतर खोटाच आकडा मिळतो. नियम ठरला: आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, आणि नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं तर आठवड्याची वाट पाहायची नाही. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा.

एका रविवारी नळी लालभडक झाली. पाव पाणी बदललं, तरी लाल. अर्धं बदललं, तरी लाल. ४० आणि ८० चे रंग इतके सारखे की चष्मा पुसून पुसून थकलो. शेवटी, नुसती चौकशी म्हणून, ज्या पाण्यानं बदलत होतो तेच नळीत घेतलं. आमचं घर देवळाली प्रवरा गावाबाहेर वस्तीवर, पाणी बोअरचं. थंडगार, नितळ. नळी तितकीच लाल.

त्याच आठवड्यात मुलगी बाळंतपणाहून दोन महिन्यांच्या नातवासह घरीच होती. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून वरचं पावडरचं दूध सुरू होतं. त्याच बोअरच्या पाण्यात. मी नळी दाखवली. ती म्हणाली, ‘अब्बा, मी वीस मिनिटं उकळते.’ उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मात्र तसंच राहतं. वाफ जाते आणि उरलेल्या पाण्यात ते अधिक दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होऊ शकतं. म्हणजे माझ्या सात माशांचं तेच. बाळ निळसर पडतं.

मी तेव्हाच गावातल्या नातेवाइकांकडून नळाचं पाणी आणलं. त्याची नळी पिवळसर होती. बाळाच्या दुधाला ते उकळून वापरू लागलो. बाळाला डॉक्टरांना दाखवलं. ते ठणठणीत होतं. घरच्या नळीवर विसंबायचं नाही म्हणून बोअरचा नमुना प्रयोगशाळेत दिला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. अहवालातला आकडा तिच्या बराच वर होता.

लहानपणी वजूच्या पाण्याबद्दल आम्हाला शिकवलं होतं: रंग, वास, चव बदललेली नाही ना, पाहा. नायट्रेटला यातलं काहीच नसतं.

ते आलं कुठून? १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे आले आणि हा सगळा पट्टा उसाचा झाला. उसाला युरिया लागतो, पण पीक सगळा घेत नाही. उरलेल्याचं मातीत नायट्रेट होतं, ते मातीला चिकटून राहत नाही, आणि आपण सरीभर पाणी सोडलं की सरळ खाली उतरतं. शौचखड्डे आणि गोठ्याचे उकिरडे त्यात भर घालतात. हे आमच्या वस्तीचंच दुखणं आहे असं नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरच्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळलं.

थोरले भाऊ शेजारीच राहतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘अरे, चाळीस वर्षं हेच पाणी पितोय. मला काय झालं?’ मी म्हणालो, ‘तुम्ही दोन महिन्यांचे नाही.’ ते रागावले, दोन दिवस चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन आले आणि काही न बोलता टेबलावर ठेवलं. तेही लाल निघालं.

आता टाकीलाही गावातलंच पाणी. त्यात क्लोरीन असतं, म्हणून बादलीत दिवसभर उघडं ठेवतो. घाई असली तर हायपोचे खडे, पूर्वी फोटो स्टुडिओत वापरायचे तेच. कडेला मनीप्लांटच्या मुळ्या पाण्यात सोडल्यात. त्या नायट्रेट खातात. रविवारी आधी बादलीतलं पाणी तपासतो, मग टाकीतलं.

या वर्षी लागणीआधी भावांनी माती तपासून घेतली. युरियाच्या किती गोण्या कमी केल्या, ते मात्र सांगत नाहीत.