बारनिशीवरील कारकून



ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची वार्ता आमच्या तलवाड्यास येऊन पोचली, तेव्हां माझ्या सेवानिवृत्तीस थोडेच महिने उरले होते. आयुष्यभराची जी कांहीं शिल्लक हातीं यावयाची ती बँकेंतच ठेवावयाची, हें ठरलेलें. म्हणून ती वार्ता मीं दोनदां वाचली. ११ आणि १३ ऑगस्ट ह्या दोन दिवसांत सुमारें ९४ कोटी रुपये नाहींसे झाले होते; त्यांतील बहुतेक रक्कम अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून, बनावट कार्डांच्या साह्यानें, हजारों व्यवहार करून काढली गेली होती. गेवराईच्या बाजाराहून परतणारे गांवकरी मला विचारीत, "गुरुजी, तिजोरी फुटली नाहीं, कुलूप तुटलें नाहीं, मग पैसे गेले कसे?" मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तरानें सर्व प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं, अशी खेड्यांत अपेक्षा असते. मला उत्तर देतां आलें नाहीं. आज जें सांगणार आहें, तें त्याच प्रश्नाचें बरेंच उशिरां सांपडलेलें उत्तर होय.

संगणकांत नाना प्रकारचे प्रोग्राम चालतात. कोणी पत्रें लिहितो, कोणी हिशेब करतो, कोणी चित्रें दाखवितो. परंतु त्यांपैकीं एकालाही यंत्राच्या सामग्रीस प्रत्यक्ष हात लावण्याची मुभा नसते. साठवलेली फाईल वाचणें, पडद्यावर अक्षर उमटविणें, दूरच्या यंत्राकडे निरोप धाडणें, हीं सर्व कामें 'कर्नल' नांवाचा एक मध्यवर्ती प्रोग्राम करतो. (हा लष्करांतील हुद्दा नव्हे, ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ बीजांतील गर.) आपल्या तहसील कचेरींत शेतकरी सात-बाराच्या उताऱ्यासाठीं स्वतः दप्तरखान्यांत शिरत नाहीं. तो खिडकीशीं अर्ज देतो. बारनिशीवरील कारकून अर्जाचा विषय पाहतो, कोणता विषय कोणत्या टेबलाकडे हें तक्त्यांत बघतो, आणि अर्ज आंत धाडतो. निकाल येतो तोही त्याच खिडकींतून. संगणकांतील ह्या अर्जास 'सिस्टिम कॉल' म्हणतात. लिनक्स ही प्रणाली लिनस टॉरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें सुरू केली. तिच्यांत असे तीनशेंहून अधिक प्रकारचे अर्ज आहेत आणि प्रत्येकास क्रमांक आहे. आजच्या नेहमींच्या यंत्रांवर वाचण्याचा क्रमांक शून्य, लिहिण्याचा एक, फाईल उघडण्याचा दोन.

हें सर्व मला माझ्या पुतण्यानें शिकविलें. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून दिवाळीच्या सुटींत आपला संगणक घेऊन आला होता. त्यानें एका कप्प्यांतील फाइलींची यादी मागितली. यादी चार ओळींची. मग 'स्ट्रेस' नांवाचें साधन लावून तीच यादी पुन्हां मागितली, तों पडद्यावर ओळींमागून ओळी धांवूं लागल्या. मोजल्या तर शंभरांच्या आसपास. "काका, ह्या चार नांवांसाठीं इतके अर्ज गेले," तो म्हणाला. स्ट्रेस प्रत्येक अर्जाशीं प्रोग्रामाला दोनदां थांबवितें: एकदां खिडकीशीं जातांना, एकदां निकाल घेऊन परततांना. अर्ज काय, उत्तर काय, सर्व टिपून घेतें. हें करण्याची परवानगीही कर्नलकडूनच, 'पीट्रेस' ह्या निराळ्या सिस्टिम कॉलनें, मिळते. ह्या नांवाकडे लक्ष असूं द्यावें. तें पुढें पुन्हां येणार आहे.

दुसऱ्या दिवशीं त्यानें दाखविलें तें पाहून मात्र मी अस्वस्थ झालों. खऱ्या यंत्राच्या पोटांत एक काल्पनिक यंत्र चालवितां येतें. तशा यंत्रांत त्यानें लिनक्सची एक जुनी आवृत्ति बसविली आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या नांवांची एक फाईल ठेवली. मग त्यानें लिहिलेला दोन पानांचा प्रोग्राम कर्नलच्या आंत शिरला. त्यानें तक्त्यांतील एकच नोंद बदलली: 'यादी द्या' हा अर्ज ज्या टेबलाकडे जावयाचा त्याऐवजीं स्वतःकडे वळविला. आलेला अर्ज तो इमानानें मूळ टेबलाकडे नेई, खरी यादी आणी, तींतून एक नांव खोडी, आणि उरलेली यादी खिडकींतून देई. माझी फाईल जागच्या जागीं होती. नांव घेऊन उघडली तर उघडत होती. यादींत मात्र ती नव्हती. वर्गांत मूल बसलें आहे, पण हजेरीपटावर नांव नाहीं. मग पट पाहून जाणाऱ्या तपासनिसाच्या लेखीं तें मूल जन्मासच आलेलें नाहीं!

हा केवळ विद्यार्थ्यांचा खेळ नव्हे. २००५ मध्यें सोनी बीएमजी ह्या संगीत कंपनीनें गाण्यांच्या तबकड्यांची नक्कल होऊं नये म्हणून त्यांत एक प्रोग्राम घातला होता. तो विंडोजच्या कर्नलमधील असाच तक्ता बदली, आणि ज्या फाइलींच्या नांवाचा आरंभ एका ठराविक खुणेनें होई त्या सर्व लपवी. कोणाचीही फाईल, बरें का. खूण माहीत असलेला चोरही तिचा उपयोग करूं शके. मार्क रुसिनोविच ह्या तज्ज्ञानें तें उघडकीस आणलें आणि कंपनीला तबकड्या परत घ्याव्या लागल्या. त्याची युक्ति आमच्या शाळाखात्याच्या ओळखीची आहे. त्याचें साधन खिडकीशीं एक यादी मागे, आणि खिडकीस वगळून डिस्कवरील कच्च्या नोंदी स्वतः वाचून दुसरी यादी तयार करी. पटावरील नांवें आणि बाकांवरील डोकीं जुळलीं नाहींत, म्हणजे पट लिहिणाराकडे वळावें.

आतां पुण्याकडे येऊं. एटीएममध्यें कार्ड घातलें म्हणजे विचारणा बँकेच्या 'स्विच' नांवाच्या यंत्रणेकडे येते. स्विच मुख्य हिशेबास विचारतो आणि हो कीं नाहीं तें कळवितो. बँकेनें त्या वेळीं जें सांगितलें त्याचा आशय असा, कीं चोरांनीं मध्येंच एक बनावट स्विच उभा केला होता. विचारणा मुख्य हिशेबापर्यंत पोचलीच नाहीं. बनावट स्विच परस्पर 'मान्य' म्हणत राहिला. म्हणून खातेदारांचीं खातीं शाबूत राहिलीं आणि रक्कम बँकेची गेली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकन सरकारी यंत्रणांनीं 'फास्टकॅश' नांवाच्या चोरीच्या पद्धतीविषयीं इशारा प्रसिद्ध केला. तींत स्विचावर चालूं असलेल्या खऱ्या प्रोग्रामाच्या पोटांतच परका मजकूर घुसविला जाई. पुण्यास नेमकें हेंच हत्यार होतें असें मी म्हणत नाहीं. परंतु जात तीच. पुढें २०२४ मध्यें फास्टकॅशची लिनक्ससाठीं केलेली प्रत उजेडांत आली. शिल्लक अपुरी म्हणून नाकारलेला व्यवहार ती मध्येंच पकडी, 'नामंजूर' खोडून 'मंजूर' लिही, आणि बारा ते तीस हजार तुर्की लिरांच्या दरम्यान कांहीं रक्कम आपल्या मनानें घाली. आणि चालत्या प्रोग्रामांत ती शिरे कशी? पीट्रेसच्या वाटेनें! ज्या अर्जानें पुतण्यानें मला शंभर ओळी दाखविल्या, तोच हा अर्ज.

मग तो अर्जच बंद कां करूं नये? मींही हेंच विचारलें. परंतु बिघडलेल्या प्रोग्रामाचें दुखणें शोधावयाचें तर त्याचे अर्ज वाचावेच लागतात. पहारेकऱ्यालाही चोराचे अर्ज वाचूनच चोर ओळखावा लागतो. पीट्रेस बहुतेक ठिकाणीं अधिकाऱ्यापुरता किंवा स्वतःच सुरू केलेल्या प्रोग्रामापुरता मर्यादित करतां येतो. लिनक्सच्या कर्त्यांनीं तक्त्याचा पत्ता बाहेरच्यांस देणें बंद केलें, तो न लिहितां येणाऱ्या जागेंत ठेविला. २०२४ मध्यें तर नेहमींच्या यंत्रांवर तक्ता पाहून अर्ज धाडण्याची रीतच सोडली, जरी त्याचें कारण निराळें होतें.

पहारेकऱ्यास आंत घेण्यांतही धोका आहेच. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीचा विंडोजच्या कर्नलमध्यें बसून टेहळणी करणारा प्रोग्राम एका सदोष सुधारणेमुळें कोसळला, आणि आंत बसलेला असल्यानें यंत्रालाही घेऊन कोसळला. सुमारें ८५ लक्ष संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. चोर कोणी नव्हता. लिनक्सवाल्यांची २०१४ पासूनची 'ईबीपीएफ' नांवाची तोड मला शिक्षक म्हणून आवडते. कर्नलमध्यें निरीक्षणासाठीं जो छोटा प्रोग्राम घालावयाचा त्याची आधीं परीक्षा होते. तो संपेल कीं फिरतच राहील, नको त्या जागीं हात घालील काय, हें तपासून मगच प्रवेश. परीक्षकाच्याही चुका सांपडल्या आहेत, परीक्षकांच्या सांपडतातच.

माझी निवृत्तीची रक्कम अखेर बँकेंतच ठेवली. घरीं ठेवण्याइतका मी शूर नाहीं. दर महिन्यास पासबुक छापून आणतों, हें मीं पुतण्यास अभिमानानें सांगितलें. तो हंसला. "काका, पासबुकही त्याच खिडकींतून छापून येतें." तेव्हांपासून एका चाळीस पानी वहींत जमा आणि खर्च मी स्वतःच्या हातानें लिहितों, आणि पासबुक आणलें कीं दोन्ही शेजारीं ठेवून ताडून पाहतों. मार्चमध्यें सत्तर रुपयांचा फरक आला होता. चूक माझ्या बेरजेची निघाली.