डालग्यातली कोंबडी हातात घेताना



आमच्या बचत गटातल्या सगळ्याजणी परसात दहा-वीस कोंबड्या पाळतो. अंड्यांचा पैसा आमच्या हातातला. मुलांच्या वह्या, घरातलं तेल-मीठ त्यातूनच निघतं. म्हणून दोन वर्षांपूर्वीची चूक अजून सलते.

आठवडी बाजारात एकाकडे तलंगा स्वस्तात मिळाल्या. आम्ही आणल्या आणि त्याच संध्याकाळी घरच्या कोंबड्यांत सोडल्या. सहाव्या दिवशी हिरवट हगवण सुरू झाली, माना वाकड्या झाल्या. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. पंधरवड्यात खुराडी रिकामी झाली. त्या घाईत आमच्यातल्या दोघींनी उरलेल्या कोंबड्या बाजारात विकल्या. आमच्याकडे रोग जसा आला, तसाच आम्ही तो पुढे पाठवला.

आता आम्ही आधी लांबूनच डालगं बघतो. एखादी जरी पिसं फुगवून, डोळे मिटून बसली असेल, तर त्या डालग्यातली एकही घेत नाही.

मग कोंबडी हातात घ्यायची. डोळे स्वच्छ हवेत, नाक कोरडं हवं. चोच कानाजवळ धरा. श्वासाची खरखर ऐकू आली तर परत ठेवा. तुऱ्यावर खपल्या किंवा फोड असतील तर ती देवी असू शकते. तुरा नुसता फिका असेल तर घाबरू नका. अंड्यावर न आलेल्या तलंगेचा तो तसाच असतो. छातीचं हाड चाचपा. सुरीच्या धारेसारखं टोचलं तर कोंबडी खंगलेली आहे. शेपटीखालची पिसं विष्ठेनं चिकटलेली नकोत. तिथंच पिसं फुंकून उवा बघा. पायांचे खवले उचकटलेले, खडूसारखे पांढरे दिसले तर खरजेचे किडे असतात.

विकणाऱ्याला वय विचारा, लस कधी दिली ते विचारा. जमलं तर त्याच्या घरी जाऊनच घ्या. बाजारात दहा गावच्या कोंबड्या एकत्र येतात.

एवढं बघूनही रोग आत लपलेला असू शकतो. म्हणून नव्या कोंबड्या तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. त्यांचं पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. दाणा आधी जुन्यांना, मग नव्यांना. नंतर हातपाय आणि चपला धुवा.

लसीबद्दल पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. एका बाटलीत शंभर किंवा जास्त कोंबड्यांची लस असते आणि ती कालवली की काही तासांतच संपवावी लागते. म्हणून आम्ही सगळ्यांच्या कोंबड्यांना एकाच दिवशी लस देतो. खर्चही वाटला जातो.

आणि कोंबडी आजारी पडलीच, तर बाजारात नेऊ नका. दवाखान्यात कळवा. मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आपला तोटा दुसऱ्या बाईच्या अंगणात टाकायचा नाही, एवढं आम्ही ठरवलं आहे. तुम्हीही ठरवा.