बिडावरचा गंज

भिलाईच्या सिव्हिक सेंटरमध्ये संध्याकाळी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी गप्पा मारीत बसतात. गेल्या पावसाळ्यानंतर मीही तेथे चार-सहा संध्याकाळी जाऊन बसलो. पण ते हवा खाण्यासाठी नव्हे, तर सल्ला मागण्यासाठी. एम. ए. झालेल्या आणि वीस वर्षे सरकारी फायलींत घालविलेल्या माणसाला लोखंडाविषयी सल्ला मागण्याची पाळी कशी आली, ते सांगतो.

माझे मामा नागपूरहून भिलाईला आले ते टर्नर म्हणून. येथील पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या भरतीतले ते. नागपूरकराला हा मुलूख परका नव्हता. 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. निवृत्तीनंतर मामांनी घरामागच्या शेडमध्ये हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्यात बनलेले एक जुने लेथ मांडले आणि अखेरपर्यंत त्यावर काम केले. ते गेले, आणि मामींनी मायेने त्या यंत्रावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधून टाकला. दोन पावसाळ्यांनंतर तो सोडला तेव्हा आतले यंत्र विटकरी झाले होते. भंगारवाला आला आणि त्याने किलोचा भाव सांगितला. मामी म्हणाल्या, “तू सरकारी साहेब, तूच काय ते ठरव.”

मी साहेबाप्रमाणेच वागलो, म्हणजे कोणालाही न विचारता कामाला हात घातला. जाड एमरी कागद आणला आणि वीतभर जागा चकचकीत करून टाकली. मग मामांच्या एका जुन्या सोबत्याला सिव्हिक सेंटरमधून मोठ्या अभिमानाने घरी नेले. काकांनी त्या वीतभर जागेवरून नख फिरविले आणि शांतपणे म्हटले, “गंज गेला खरा, पण त्याच्याबरोबर लोखंडही गेले.”

लेथचा बेड बिडाचा असतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा दोन ते चार असते, आणि त्यातला बराचसा कर्ब ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड यंत्राची थरथर जिरवते. परंतु लेथचे खरे मोल बेडच्या सरळपणात असते. त्यावरून हत्यार सरकते, आणि बेडला जो बाक तोच कामाला येतो. तेथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब चालतो. माणसाचा केससुद्धा त्याहून कितीतरी जाड. एमरी घेतलेला हात जेथे सोईचे वाटते तेथे जास्त घासतो, आणि बेडला न दिसणारी खळगी पडते.

काकांनी मला जे शिकविले त्याचे सार एवढेच, की गंज काढायचा, गंजाने पाडलेले खड्डे काढायचे नाहीत. हे मला प्रथम पटले नाही. पण विचार करा. गंज लोखंड खातो तो खाली. सरकणारा भाग टेकतो तो वरच्या अस्सल पृष्ठावर. खड्डे थोडे आणि उथळ असतील तर त्यांनी काही बिघडत नाही, उलट त्यांत थोडे तेल राहते. खड्डा नाहीसा करायचा म्हणजे त्याच्या भोवतीचे सारे चांगले लोखंड त्याच्या तळापर्यंत उतरवायचे. एका डागासाठी सगळे धोतर फाडण्यासारखेच हे!

मग तीन रविवार आम्ही काम केले. रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण रात्रभर मुरू द्यायचे. सकाळी धारदार पाते जवळजवळ आडवे धरून गंजाचा पापुद्रा सोलायचा. पाते लोखंडात रुतता कामा नये. उरलेले डाग तेलात भिजविलेल्या बारीक तारेच्या घासणीने काढायचे. शेवटी गुळगुळीत सपाट तेलदगड नुसत्या स्वतःच्या वजनाने फिरवायचा, म्हणजे वर आलेले कंगोरे तेवढे बसतात. एमरीची पूड मागे राहिली तर तीच सरकत्या भागाखाली अडकून बेड झिजवीत राहते. म्हणून माझ्या पराक्रमाची ती वीतभर जागा आम्ही चार वेळा पुसली.

चिंचेचे पाणी चालेल का, असे मामींनी विचारले. चिंचेतले आम्ल गंज खाते हे खरे. पण फार वेळ ठेवले तर ते लोखंडही खाते आणि वर ग्राफाइटचा काळा थर उरतो. चकचे सुटे भाग मात्र काकांनी विजेने साफ केले. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडाच्या पट्टीला. तारा उलट जोडल्या तर आपला भागच झिजू लागतो. पट्टी स्टेनलेस पोलादाची घेऊ नये, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि जवळ विडीसुद्धा पेटवू नये. भाग बाहेर काढताच धुऊन, वाळवून, तेल लावावे. नाहीतर पाहता पाहता त्यावर तांबूस झाक येते.

प्लॅस्टिकचा दोष मला अखेरीस कळला. रात्री थंड झालेल्या बिडावर सकाळची दमट हवा दव धरते, आणि कागदाखालून ते पाणी उडून जात नाही. आता बेडवर तेल आहे आणि वर जुने सुती धोतर.

भंगारवाल्याला आम्ही परत पाठविले. काकांच्या नातवाने त्या लेथवर पहिला दांडा कातला. माझी वीतभर जागा आली तेथे काकांनी मायक्रोमीटर लावला आणि माझ्याकडे पाहून नुसती मान हलविली. खंडेनवमीला मामी पूजेचे तबक घेऊन शेडमध्ये आल्या. दरवर्षी ओल्या कुंकवाची बोटे बेडवर उमटत, आणि त्याच जागी आम्हांला पाच गोल खड्डे सापडले होते. या वेळी काकांनी त्यांचा हात अलगद वर, रंग दिलेल्या हेडस्टॉककडे वळविला.